कोठी, वाट आणि थैली

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेला पुण्याच्या पूर्वेला हडपसरजवळ धूळ चारली. नकाशा उघडला तर रणभूमीच्या वरच्या अंगाला मुळा-मुठेचे पात्र दिसते आणि पलीकडच्या काठावर खराडी. निकाल लागताच दुसरा बाजीराव सिंहगडाकडे निघाला, तिथून कोकणात उतरला आणि ३१ डिसेंबरला वसईत इंग्रजांशी तह करून मोकळा झाला. एवढे सगळ्यांना पाठ असते. पेशव्याला निघून जायला गड होता. मुंढवा, मांजरी, खराडी, वाघोलीच्या कुणब्याने कुठे जायचे होते, हे मात्र आपला इतिहास विचारत नाही. ऑक्टोबर म्हणजे बाजरी खळ्यावर येण्याचे आणि रब्बीची ज्वारी पेरण्याचे दिवस. त्या दिवसांत गावाच्या आसपास फौज उतरली की धान्य, कडबा, सरपण आणि बैल या चारी गोष्टी तिच्या तोंडी जातात. पुढे पाऊसही रुसला आणि १८०३-०४ चा दुष्काळ दख्खनवर कोसळला. त्यात मेलेली माणसे लढाईच्या हिशेबात कुठेच धरलेली नाहीत. युद्धकाळात माणसांना आसरा देणे हे छपराचे आणि कोठाराचे काम आहे, असे आपण आजही धरून चालतो. मराठी मुलखाचा अनुभव मला वेगळा दिसतो. आसरा तगतो तो वाट उघडी राहिल्यामुळे, हिशेब चोख असल्यामुळे आणि आसऱ्याला आलेल्या माणसाच्या हातात खर्चायला काहीतरी असल्यामुळे. कोठाराचा नंबर त्यानंतर लागतो.

कोठाराची बाजू आधी पाहू, कारण आपल्याकडे ती भक्कम आहे. पन्हाळ्यावरच्या अंबरखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती अशा कोठ्या आहेत. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात शिवाजी महाराज मार्चपासून जुलैपर्यंत याच गडावर होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहावे, पाणी नसेल तर खडक फोडून तळी-टाकी करावीत, असे बजावले आहे. झऱ्यावर विसंबू नये, तोफांच्या आवाजाने झरे आटतात आणि पाण्याचे हाल होतात, असा इशाराही तिथे आहे. हे लिहिणाऱ्याने वेढा स्वतः भोगलेला असणार. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती गडाची कारभारव्यवस्था. सभासदाने आपल्या बखरीत ती नोंदवली आहे : हवालदार, सरनौबत आणि सबनीस हे तिघे बरोबरीचे, शिवाय धान्य आणि सामानासाठी कारखानीस वेगळा. किल्ल्या एकाकडे, वही दुसऱ्याकडे, कोठी तिसऱ्याकडे. गड फितुरीने जाऊ नये म्हणून ही रचना केली होती, हे खरे. पण तिचा दुसरा फायदा असा की एकट्याला कोठी रिकामी करता येत नव्हती आणि रिकामी कोठी भरलेली आहे असे लिहिताही येत नव्हते. आजच्या मदतछावणीत गोदामपाल आणि हिशेबनीस वेगळे असावेत, असा नियम असतो. तो नियम परदेशातून शिकण्याची आपल्याला गरज नव्हती.

मग गडाचा आसरा कमी कुठे पडतो? मुदतीत. १७६३ मध्ये निजामअली पुण्यावर चालून आला तेव्हा लोक डोंगरी किल्ल्यांकडे आणि कोकणात पळाले. सरकारी दप्तर आणि चीजवस्तू सिंहगडाकडे रवाना झाली. शहर लुटले, जाळले गेले. त्याच वर्षी १० ऑगस्टला राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला आणि माणसे परत फिरली. आसरा काही आठवड्यांचा होता म्हणून पुरला. गडावर शिबंदीसाठी साठवलेल्या धान्यात अख्खे शहर दोन पावसाळे काढू शकत नाही. तिथे पेरणी होत नाही, पेठ भरत नाही आणि दारातून आत आलेला प्रत्येक माणूस फक्त खाणारे तोंड असतो. गड हा बंद दरवाजाचा आसरा आहे. तो ज्यांच्यासाठी बांधला त्यांना तारतो. त्यांच्यामागून येणाऱ्या बाजारकरी, कुणबी, लेकुरवाळ्या बायका यांच्यासाठी तो बांधलेलाच नसतो.

बंद दरवाजाचा खरा अर्थ पानिपतावर कळला. भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर लढणाऱ्यांहून न लढणाऱ्यांचा गोतावळा मोठा होता : बायकामुले, यात्रेकरू, कारकून, व्यापारी, मोतद्दार. पानिपतची छावणी युद्धात अडकलेल्या नागरिकांची वस्तीही होती, हे आपण फारसे लक्षात घेत नाही. १७ ऑक्टोबर १७६० ला कुंजपुरा पडला तेव्हा तिथले धान्य हाती आले. काही दिवस चंगळ झाली असेल. नंतर अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि दक्षिणेची वाट त्याच्या ताब्यात गेली. वाट तुटल्यावर कुंजपुऱ्याचे धान्य म्हणजे घटत जाणारा आकडा झाला. रसद पोचवण्याची आणि शत्रूची रसद तोडण्याची जबाबदारी गोविंदपंत बुंदेल्यांवर होती. डिसेंबरात ते मारले गेले आणि उरलेला धागाही तुटला. १४ जानेवारी १७६१ ला उपाशीपोटी लढाई झाली. भाऊसाहेबांनी बुणगे बरोबर न्यायला नको होते, असे इतिहासकार नेहमी म्हणतात, आणि ते बरोबर आहे. मला त्यापुढे जाऊन एवढेच म्हणायचे आहे, की तेच बुणगे दिल्लीत, वाहत्या बाजाराजवळ, महिनोन्‌महिने तगले असते. माणसांची संख्या तीच, धान्याची गरज तीच; फरक फक्त वाटेचा.

यावर साठ्याच्या बाजूचा माणूस म्हणेल : वाट शत्रूच तोडतो, मग वाटेवर भिस्त कशी ठेवायची? आक्षेप रास्त आहे. पण साठाही शत्रूच जाळतो. लेनिनग्राडला सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन विमानांनी बादायेव गोदामे पेटवली. नोव्हेंबरात अवलंबितांचा पाव दिवसाला १२५ ग्रॅमवर आला. शहरात लाखो माणसे मेली, आणि जी वाचली त्यांतली पुष्कळ लादोगा सरोवराच्या गोठलेल्या बर्फावरून ट्रकने आलेल्या धान्यावर वाचली. साठा पाहिजेच, पण तो वाट पुन्हा उघडेपर्यंत दम धरण्यासाठी. साठ्यालाच रसद समजणारा कारभारी वाट शोधायला उशीर करतो, आणि भूक त्या उशिरातच शिरते.

आपल्याकडचे सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचे आहे. ते मराठी वाचकाला अजून नीट माहीत नाही, याचे नवल वाटते. १९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना सायबेरियात आणि मध्य आशियात हाकलले. जुलै १९४१ मध्ये लंडनमधल्या पोलिश सरकारचा स्टालिनशी करार झाला, या लोकांना सुटका मिळाली, आणि १९४२ मध्ये जनरल आंदर्सच्या सैन्याबरोबर त्यातले बरेचसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरले. पुरुष सैन्यात गेले. बायका, मुले, म्हातारे उरले. त्याच सुमारास मुंबईहून मदतीचा माल घेऊन निघालेले ट्रक अश्गाबादपर्यंत गेले आणि परतताना अनाथ मुले घेऊन आले. रिकामा ट्रक परत आणू नये, हा वाहतुकीचा साधा नियम असा माणसांच्या कामी आला. जामनगरच्या दिग्विजयसिंहजींनी अशा शेकडो मुलांना बालाचडीत ठेवून घेतले. मोठ्या संख्येच्या कुटुंबांसाठी जागा लागली तेव्हा कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेच्या खोऱ्यात, मिरज-कोल्हापूर रेल्वेच्या कडेला छावणी उभी राहिली. १९४३ च्या जूनपासून माणसे येऊ लागली. सुमारे पाच हजार माणसे, १९४८ च्या सुरुवातीपर्यंत.

जागा कशी निवडली ते पाहण्यासारखे आहे. बंदरापासून दूर, म्हणजे जपानी हल्ल्याच्या भीतीपासून दूर. पण रुळाला लागून. मुंबई ते पुणे मोठी लाइन आणि पुण्यापुढे मिरज-कोल्हापूरपर्यंत मीटर गेज, म्हणजे मुंबईहून निघालेली प्रत्येक पेटी पुण्यात एका डब्यातून उतरून दुसऱ्यात चढायची. हमाल, चलान, मोजदाद, चोरी, उशीर, सगळे त्या एका ठिकाणी. अशा वाटेवरून रोजचे दूध, भाजी, लाकूड-कोळसा आणता येत नाही. ते जवळूनच आले पाहिजे, आणि कोल्हापूरची पेठ काही मैलांवर होती. लांबून फक्त जे जवळ मिळत नाही ते यावे आणि रोजचे जेवण शेजारच्या बाजारातून यावे, ही विभागणी कागदावर कोणी केली असो वा नसो, जागेनेच ती करून ठेवली होती.

छावणीत बांबूच्या तट्ट्यांच्या भिंतींच्या, कौलारू छपरांच्या घरांच्या रांगा होत्या. कुटुंबाला आपल्या खोल्या, आपली चूल आणि दरमहा भत्ता मिळे. अनाथ मुलांसाठी सामायिक स्वयंपाकघर होते. शाळा, चर्च, दवाखाना, नाट्यगृह, टपाल, बालवीरांची पथके होती. छावणीत दुकाने होती, सहकारी दुकानही होते. क्षयाच्या आणि अशक्त रुग्णांसाठी पाचगणीला वेगळी सोय होती. पोलिश रेडक्रॉसच्या किरा बनासिन्स्का मुंबईतून हे काम पाहत होत्या. यातली कळीची गोष्ट माझ्या मते चूल आणि भत्ता ही जोडी. पाच हजारांचा एक भटारखाना चालवला असता तर रोज पाच हजार ताटांचा हिशेब, सांडलवंड, रांगा, ठेकेदाराची पातळ डाळ आणि तिच्यावरून भांडणे यांतच व्यवस्थापकांचा दिवस गेला असता. भत्ता हातात दिल्यावर कोणाला काय, किती आणि कधी पाहिजे हा प्रश्न हजार-दीड हजार चुलींवर आपोआप सुटला. पोलिश बाईने बटाटा घ्यावा की वांगे, हे ठरवायला सरकारी अधिकारी लागला नाही. आणि कोल्हापूरच्या भाजीवाल्याने तिच्या आवडीचा अंदाज कोणत्याही समितीपेक्षा लवकर घेतला असणार.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला : हे गोऱ्या माणसांचे लाड होते. खर्चाची जबाबदारी पोलिश सरकार आणि त्याच्यामागे उभ्या ब्रिटनची होती. आपल्या निर्वासितांना कोणी असा भत्ता दिला? हे नाकारण्यात अर्थ नाही. १९४३ हेच बंगालच्या दुष्काळाचे वर्ष. त्यात वीस ते तीस लाख माणसे मेली, आणि त्याच साम्राज्याच्या तिजोरीतून वळिवड्याला महिन्याच्या महिन्याला पैसे येत होते. अन्याय उघडा आहे. पण त्यावरून वळिवड्याची पद्धत चुकीची ठरत नाही, उलट तिचा मुद्दा पक्का होतो. बंगालात बाजार उघडा होता, तांदूळ दुकानात होता. शेतमजूर, कोळी, कारागीर यांच्या हातात त्या भावाने घ्यायला पैसा नव्हता. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात हेच दाखवले. वाट उघडी आणि थैली रिकामी असली तर बाजार माणसे मारतो. वळिवड्यात वाट आणि थैली दोन्ही होत्या. ज्यांना ती मिळाली नाही त्यांनाही ती मिळायला हवी होती, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा आक्षेप यजमानांचा. टंचाईच्या काळात पाच हजार नवी गिऱ्हाइके पैसे घेऊन बाजारात उतरली की भाव चढणार आणि तो भुर्दंड स्थानिक गरिबांवर पडणार. मुंबईत २ मे १९४३ ला रेशनिंग सुरू झाले, म्हणजे छावणी भरू लागण्याच्या जेमतेम महिनाभर आधी. टंचाई कल्पनेतली नव्हती. कोल्हापूर शहराची वस्ती तेव्हा नव्वद हजारांच्या आसपास होती, त्या मानाने पाच हजारांचा भार जड असला तरी झेपणारा होता. त्याच छावणीत पन्नास हजार आणून बसवले असते तर हे गणित मोडले असते, हे मी मान्य करतो. म्हणून छावणी बाजाराला जोडायची तर ती बाजाराच्या ताकदीच्या मापाने लहान ठेवावी लागते, आणि धान्य-साखर-रॉकेलसारख्या नेमक्या दोन-चार वस्तूंना रेशनची वेसण घालावी लागते. सगळ्याच वस्तूंवर रेशन लादले की काळा बाजार उभा राहतो. कशावरच नाही लादले की श्रीमंत निर्वासित गरीब यजमानाचे ताट ओढतो.

मोठ्या संख्येचा प्रयोग पाच वर्षांतच झाला. फाळणीनंतर सिंधमधून, विशेषतः ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतल्या दंगलीनंतर, बोटी भरभरून माणसे मुंबईला आली आणि त्यातली लाखभर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवली गेली. बराकी युद्धासाठी बांधलेल्या, दोन हजारांवर. छप्पर तयार होते, फुकट शिधा सुरू झाला, आणि वळिवड्यात जे होते ते इथे नव्हते : हातात नियमित रोकड. सरकारलाही शिधा कायमचा परवडणारा नव्हता. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते या छावणीचे उल्हासनगर झाले, पण तिचे शहर केले ते बराकींच्या पडवीत मांडलेल्या पापड-लोणच्याने, लोकलमध्ये विकलेल्या गोळ्या-बिस्किटांनी आणि पुढे शिवणयंत्रांनी. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मुंबईकरांनी अर्धवट कुचेष्टेने केला. त्यात शिध्यावर न विसंबलेल्या माणसांची गोष्ट दडली आहे. वळिवड्यातून पोलिश गेले त्यानंतर तिथेही सिंधीच आले. त्या जागेचे गांधीनगर झाले आणि आज ते दक्षिण महाराष्ट्रातले कापडाचे घाऊक केंद्र आहे. दोन्ही ठिकाणी छावणी आणि बाजार यांच्यातली भिंत पडली तेव्हाच छावणी संपली. जॉर्डनमधल्या झातारी छावणीत २०१२ नंतर सीरियन निर्वासितांनी हेच केले : छावणीच्या मुख्य रस्त्यावर दुकानांची रांग उभी राहिली, आणि जागतिक अन्न कार्यक्रमानेही तयार शिध्याऐवजी दुकानात चालणाऱ्या रकमेकडे मोर्चा वळवला.

आता पुन्हा मुळा-मुठेच्या काठावर, खराडीत. ७ मे २०२५ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाच्या आदेशाने देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. महाराष्ट्राच्या यादीत पुणे आणि पिंपरी-चिंचवड होते. भोंगा, अंधार, जखमी उचलणे, लोकांना हलवणे : तालमीचा भर पहिल्या तासावर होता, आणि तो असायलाही हवा. पण १८०२ च्या खराडीत पेव होते, बळद होते, बैल होते. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या आणि त्यानंतर आयटी कंपन्यांच्या इमारतींभोवती वाढलेल्या खराडीत दहाव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात जेमतेम आठवड्याचा शिधा असतो, तोही रोज संध्याकाळी दुचाकीवरून येणाऱ्या पिशवीच्या भरवशावर. आपत्तीतल्या माणसाला दिवसाला किमान १५ लिटर पाणी लागते, असे मदतकार्याचे जागतिक निकष सांगतात. खराडीत भामा-आसखेडची नळयोजना २०२१ मध्ये आली तरी टँकरची सवय सुटलेली नाही, आणि टँकरला डिझेल लागते, पंपाला वीज लागते. इथल्या शाळा आणि मंगल कार्यालये निवारे म्हणून चालतील, यात शंका नाही. पण पन्हाळ्याची कोठी या वस्तीला बांधता येणार नाही, जागाच नाही. म्हणजे हडपसर, मार्केट यार्ड आणि नगर रस्त्याने येणारा माल हाच तिचा साठा. तो बंद पडू नये म्हणून कोणत्या पुलावर कोणाचा पहारा, कोणत्या घाऊक व्यापाऱ्याकडे किती दिवसांचा माल आणि त्याची वही कोण तपासणार, ही यादी निवाऱ्यांच्या यादीआधी तयार व्हायला हवी.

यातली थैली मात्र सर्वांत अवघड आहे. वळिवड्याचा भत्ता हातात पडे आणि तो बाजारात चाले. खराडीकराची थैली फोनमध्ये आहे. संघर्षाच्या काळात सरकार इंटरनेट बंद करते, किंवा शत्रू करतो, आणि त्या क्षणी बँकेत लाखो रुपये असलेला माणूस दुकानासमोर बंगालच्या शेतमजुराच्या रांगेत उभा राहतो. पूर्वी अशा वेळी उधारीची वही उघडत असे, कारण किराणावाला घर ओळखत असे. आज माल देणारा तरुण फक्त पत्ता ओळखतो आणि त्याच्या कंपनीच्या पद्धतीत उधारीला जागा नाही. म्हणून वॉर्ड कार्यालयाने शिक्का मारून द्यायच्या आणि दुकानदाराने नंतर सरकारकडून वटवायच्या कागदी पावत्या आधीच छापून ठेवाव्यात, असे मला वाटते. अशा पावत्यांच्या बनावटीची भीती लोक लगेच दाखवतील. ती खरीच आहे, आणि तिच्यावरचा इलाज सभासदाच्या बखरीत आहे : शिक्का मारणारा एक, वही लिहिणारा दुसरा, माल मोजणारा तिसरा.